दुसरं नाव, तेच घर

आजचा भाग बंगळुरूच्या बनशंकरीतून, माझ्या घरच्या एका जुन्या संगणकाशेजारी बसून. आमच्या पलटणीतल्या जवानांनी घरी लिहिलेली पत्रं स्कॅन करून त्यावर ठेवली आहेत. वेबसाइट चालवणारा मी एकटाच. तिचा पत्ता आजवर रोमन लिपीत होता. गडहिंग्लजकडच्या एका जवानाच्या आईंना तो टाइप करता येत नसे; त्या नातवाची वाट पाहत बसायच्या. म्हणून देवनागरीत, '.भारत'ने संपणारं दुसरं नाव घेतलं. जुनं काढायचं नव्हतं, कित्येक घरांत ते कॅलेंडरमागे लिहून ठेवलंय.

फौजी माणसाला यात नवल नाही. पलटण कुठेही हलो, घरच्या पत्रावर '५६ एपीओ'सारखा पत्ता एवढाच. मुक्काम कुठे ते फौजी डाकेला ठाऊक.

इंटरनेटवर मात्र आधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत, आमच्या नॉमिनल रोलसारखी. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांचं कार्यालय ती सांभाळे. यंत्रं वाढली, फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं: ज्यानं त्यानं आपापल्या भागाची वही ठेवावी. भारताला '.इन' १९८९ मध्ये मिळालं, आणि २००५ पर्यंत ती वही मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीत होती. देवनागरी '.भारत' २०१४ चं.

तर डीएनएसमध्ये मी नव्या नावासमोर घरचा आयपी पत्ता लिहिला. दहा मिनिटांचं काम. पण त्यानं पाहुणा फक्त दारापर्यंत येतो. पूर्वी एका पत्त्यावर साधारण एकच वेबसाइट नांदायची. १९९७ च्या एचटीटीपी नियमांनी ब्राउझरला सक्ती केली की दारात कुणाला भेटायचंय ते नाव सांग. म्हणून नवं नाव सर्व्हरच्या यादीत हवं, आणि ओळखपत्रावर, म्हणजे सर्टिफिकेटवरही हवं.

मी यादीत ते ऐटीत देवनागरीत लिहिलं आणि तिथेच फसलो. डीएनएसची जुनी पाळंमुळं रोमन अक्षरांतली. त्यामुळे ब्राउझर देवनागरी नाव 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलून पाठवतो. या रूपाला प्युनिकोड म्हणतात. सर्व्हरला ते नाव अनोळखी. त्यानं जुन्या नावाचं सर्टिफिकेट पुढे केलं आणि आईंच्या पडद्यावर धोक्याची सूचना झळकली. त्यांचा फोन आला, "साहेब, पत्रं चोरीला गेली का हो?"

तपासणी न करता पत्ता कळवला, चूक माझीच. ज्युनिअर असतो तर रगडा लागला असता.

आमच्या बनशंकरीचं मूळ ठाणं बदामीजवळ. कित्येक मराठी घरांची ती कुलदेवी, शाकंभरीही तीच. दोन्ही नावांनी हाक मारणारे एकाच गाभाऱ्यात येतात. संगणकाला हे शिकवायला मला पहाटेचे दोन वाजले. प्युनिकोड रूप यादीत घातलं, दोन्ही नावांचं एकच सर्टिफिकेट घेतलं, शेजाऱ्यांच्या मोबाइलवर दोन्ही पत्ते उघडून पाहिले, मगच आईंना फोन केला.

त्यांनी नाव स्वतः टाइप केलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "शाई सांडलीय ना खाली, त्याचंच हे."