‘हेक्टिक’चा ताप

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांनी 1958 साली एक बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटार वाजवायचा, बासवर फरंग इराणी, ड्रमवर व्हिक्टरी राणा आणि पियानोवर झांझिबारहून शिकायला आलेला एक पारशी मुलगा, फारूख बलसारा. हाच पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची त्या काळी गाजणारी गाणी ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत दणक्यात वाजवत. फ्रेडीची ही सुरुवात पुष्कळांना ठाऊक असते. नाव मात्र भलतंच गमतीचं आहे, कारण ज्या गावात ते ठेवलं गेलं, त्या गावाशी या शब्दाचं जुनं आणि जरा अप्रिय नातं आहे.

आज आपण ‘दिवस फार हेक्टिक गेला’ म्हणतो, तेव्हा धावपळ अभिप्रेत असते. इंग्रजीत हा अर्थ आला विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याआधी कित्येक शतकं ‘हेक्टिक’ हा वैद्यांचा शब्द होता आणि ‘हेक्टिक फीव्हर’ म्हणजे क्षयाचा ताप. दुपारनंतर चढणारा, रात्री घामानं उतरणारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रोग्याच्या गालांवर येणाऱ्या फसव्या लालीला ‘हेक्टिक फ्लश’ म्हणत. मूळ ग्रीक ‘हेक्टिकोस’चा अर्थ सवयीचा, अंगवळणी पडलेला. ताप पाहुण्यासारखा आला-गेला नाही, बिऱ्हाड करून राहिला, की तो हेक्टिकोस. आयुर्वेदातला ‘जीर्णज्वर’ही असाच चिवट, शरीरात मुरलेला ताप.

आता पाचगणी. महाबळेश्वर हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या धो धो पावसाच्या मानानं इथे पाऊस बराच कमी आणि हवा कोरडी. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. म्हणून 1912 साली डॉ. बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं. बेल-एअर या नावानं ते प्रसिद्ध झालं. निवासी शाळांची पाचगणी आणि क्षयरोग्यांची पाचगणी अशी दोन्ही गावं एकाच पठारावर नांदत होती, आणि दोघांना इथे आणणारी गोष्टही एकच होती, ती म्हणजे हवा. ‘हेक्टिक’चा जुना अर्थ आरोग्यधामाच्या खाटांवर होता, नवा अर्थ शाळेच्या रंगमंचावर चढला.

काळही नेमका सांध्याचा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध 1943 मधला. बँड निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रानं दाखवून दिलं, की नीट औषध घेतलं तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्या इतकाच बरा होतो. थंड हवेची खाट हळूहळू रिकामी होऊ लागली आणि तिच्याबरोबर ‘हेक्टिक’चा वैद्यकीय अर्थही मागे पडला.

शब्द आणखी खोल खणला तर ‘हेक्टिकोस’च्या तळाशी ‘एखेइन’, म्हणजे धरणं, बाळगणं, हे ग्रीक क्रियापद सापडतं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या आदिधातूत दाखवतात, त्यातूनच संस्कृत ‘सह्’ आला. जिंकणं आणि सोसणं हे दोन्ही त्याचे अर्थ. आपले ‘सहन’, ‘साहस’, ‘असह्य’ हे सगळे त्याचेच वंशज, म्हणजे ‘हेक्टिक’चे दूरचे भाऊबंद. जर्मन भाषेत विजयाला ‘झीग’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. बँडच्या ड्रमवाल्याचं नाव ‘व्हिक्टरी’ असावं, हा निव्वळ योगायोग.

त्याहून मौज ‘स्कूल’ या शब्दाची. ग्रीक ‘स्खोले’ही त्याच ‘एखेइन’च्या घरातली. तिचा अर्थ हात आवरून धरणं, म्हणजे मोकळीक, फुरसत. फुरसतीत विद्वान चर्चा करत, म्हणून चर्चेला आणि पुढे चर्चेच्या जागेला ते नाव पडलं. आपली ‘शाळा’ संस्कृत ‘शाला’वरून आली, तिच्यात केवळ इमारत आहे. स्कूलमध्ये फुरसत आहे आणि हेक्टिकमध्ये फुरसतीचा पूर्ण अभाव, तरी दोघी सख्ख्या चुलत बहिणी.

आजारातून त्रासाकडे जाणारा हा प्रवास मराठीला परका नाही. ‘ताप’ हा ज्वरही आहे आणि ‘डोक्याला ताप’ ही कटकटही. पण ‘हेक्टिक’ आपल्याकडे आला तो रोग मागे टाकून, फक्त धावपळ घेऊन. त्या अर्थाचे शब्द आपल्याकडे मुबलक आहेत. ‘धावपळ’ पायांची, ‘दगदग’ जिवाची, ‘धामधूम’ लग्नकार्याची, ‘रगाडा’ न संपणाऱ्या कामाचा. या चारांतले भेद ‘हेक्टिक’ सरसकट पुसून टाकतो आणि वर आपण फार कामाचे आहोत असा थोडा तोराही आणतो. बँडचं नाव म्हणून तो झकासच आहे. रोजच्या बोलण्यात मात्र दगदग झाली असेल तर दगदगच म्हणावी, ऐकणाऱ्याला नेमकं कळतं.