सामना कोणी जिंकला आणि बलवान कोण? बुद्धिबळ व संख्याशास्त्र यांचा थोडक्यात इतिहास

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवले. क्लासिकल पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. जलद टायब्रेकमधील पहिला डावही बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने जिंकला. त्या एका डावाने तिला चषक आणि ग्रँडमास्टर किताब, दोन्ही मिळाले. पण दोघींत बलवान कोण, हे चार डावांवरून ठरते का? हा प्रश्न जुना आहे.

१९२९ मध्ये जर्मन गणितज्ञ अर्न्स्ट झेर्मेलो यांनी त्याला गणिती रूप दिले. प्रत्येक खेळाडूचे बळ एका संख्येने दाखवायचे. अ आणि ब यांची बळे ३ आणि २ असतील, तर अ जिंकण्याची संभाव्यता ३/५ मानायची. मग प्रत्यक्ष घडलेले निकाल ज्या संख्यांमुळे सर्वाधिक संभाव्य ठरतात, त्या संख्या शोधायच्या.

पुढे हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी सोपी, सतत बदलत जाणारी गुणांकन पद्धत तयार केली. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे सूत्र असे: अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळवले तर गुणांकन वाढते, कमी मिळवले तर घटते.

बाटुमीत हम्पीचे गुणांकन सुमारे ८० ने जास्त होते. एवढ्या फरकाला दिव्याकडून दर डावात ०.३९ गुणांची अपेक्षा असते, म्हणजे दोन डावांत ०.७८. तिला मिळाला १. फरक ०.२२, त्याला १० या गुणकाने गुणले की तिच्या क्लासिकल गुणांकनात जेमतेम २ गुणांची भर पडते. जलद डावांचे गुणांकन वेगळे असते. किताब देणारा सामना एलोच्या हिशेबात एवढासाच!

लांब सामन्यांतही गोष्ट फार वेगळी नाही. १९८४-८५ मध्ये कार्पोव आणि कास्पारोव ४८ डाव खेळले. कार्पोव ५–३ ने पुढे होता, ४० डाव बरोबरीत सुटले आणि सामना निकालाविना थांबवण्यात आला. दोघे तुल्यबळ मानले, तरी ८ निकाली डावांपैकी एका ठरावीक खेळाडूने ५ किंवा अधिक जिंकण्याची संभाव्यता ९३/२५६, म्हणजे सुमारे ३६ टक्के येते. त्यांच्या पाचही जगज्जेतेपद सामन्यांचे मिळून १४४ डाव झाले. त्यांत कास्पारोवने २१ आणि कार्पोवने १९ जिंकले. एवढ्यावरूनही फरक सिद्ध होत नाही.

निकाली डावांपैकी ५५ टक्के जिंकणारा खरोखर बलवान आहे, हे ९५ टक्के विश्वासाने म्हणायला सुमारे ४०० निकाली डाव लागतात.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. विजेता कोण, हे नियम ठरवतात आणि त्यात दिव्याचा विजय निर्विवाद आहे. बलवान कोण, याचे उत्तर मात्र अनेक वर्षांचे, अनेक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे डावच देतात.

स्वाध्याय: दोन तुल्यबळ खेळाडूंत एका ठरावीक खेळाडूने सलग ५ निकाली डाव जिंकण्याची संभाव्यता काढा.