पोर्टलंड कलश : नक्कल की भाषांतर?

नक्कल म्हटली की आम्ही साहित्याचे अभ्यासक नाक मुरडतो; भाषांतरालाही आमच्याकडून बहुधा हीच वागणूक मिळते. या सवयीचा फेरविचार करायला लावणारी एक वस्तू म्हणजे जोसाया वेजवूडने मातीत घडवलेला पोर्टलंड कलश.

मूळ कलश रोमन, काचेचा आणि जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचा. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवून त्यातून आकृती कोरलेल्या आहेत. १७८६ साली वेजवूडने तो पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूककडून उसना आणला. तो काळ नवअभिजातवादाच्या बहराचा होता. इटलीत सापडणारी ग्रीक भांडी तेव्हा एट्रुस्कन समजली जात. म्हणूनच वेजवूडने १७६९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या कारखान्याचे नाव ‘एट्रुरिया’ ठेवले होते. प्राचीनाचे पुनरुज्जीवन असे चुकीच्या वाचनावरही उभे राहू शकते.

वेजवूडचे माध्यम काच नव्हते. त्याने स्वतः सिद्ध केलेली ‘जॅस्पर’ ही झिलईविरहित माती होती. काचेचा पांढरा थर जेथे पातळ होतो, तेथे खालचा गडद रंग झिरपून छाया आपोआप उमटते. मातीत ही सोय नव्हती. आकृती साच्यात घडवून काळ्या कलशावर चिकटवाव्या लागत. भट्टीत तडे जात, फोड येत, आकृती सुटून येत. अखेर काही प्रतींत कडा कोरून आणि करडी छटा देऊन ती छाया साधली गेली. जे मुळात माध्यमाने दिले, ते येथे कारागिराला नव्याने निर्माण करावे लागले. भाषांतरकाराची अडचण याहून वेगळी नसते.

चार वर्षांच्या खटपटीनंतर १७९० मध्ये लंडनला या प्रतीचे खाजगी प्रदर्शन झाले, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी १९०० प्रवेशपत्रिकाच छापाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी इरॅस्मस डार्विनच्या ‘द बोटॅनिक गार्डन’ या काव्यग्रंथासाठी विल्यम ब्लेकने कलशाची चित्रे ताम्रपटावर कोरली. काचेतून मातीत आणि तेथून कवितेच्या पानावर, असा हा प्रवास.

१८४५ साली ब्रिटिश म्युझियममध्ये एका तरुणाने मूळ कलश फोडला. जॉन डबलडेने तो सांधला, पण ३७ बारीक तुकडे बाहेरच राहिले. विसाव्या शतकात तो आणखी दोनदा सुटा करून जोडावा लागला. आज ज्याला आम्ही ‘मूळ’ म्हणतो, तोही कुणीतरी लावलेला पाठच आहे. संहितेच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. भाषांतराला दुय्यम ठरवताना मात्र त्याचा आम्हांला विसर पडतो.