कृष्णवर्णीय नायक पडद्यावर गोरा कसा झाला? ‘द सेट-अप’ (१९४९) या चित्रपटाची कथा

१/ जून १९३७ पासून मार्च १९४९ पर्यंत मुष्टियुद्धाचे हेवीवेट जगज्जेतेपद एकाच माणसाकडे होते : जो लुई. तो कृष्णवर्णीय होता. १ मार्च १९४९ रोजी तो निवृत्त झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत ‘द सेट-अप’ प्रदर्शित झाला. मूळ कथेचा नायक कृष्णवर्णीय होता. पडद्यावरचा मात्र गोरा. असे का घडले? #थ्रेड 🧵

२/ मूळ कथा म्हणजे १९२८ साली प्रसिद्ध झालेले याच नावाचे दीर्घ कथाकाव्य. कवी जोसेफ मॉन्क्युर मार्च, ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचे पहिले व्यवस्थापकीय संपादक. त्यांचा नायक पॅन्सी जोन्स हा कसलेला परंतु उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा. तुरुंगवास आणि त्याहूनही अधिक त्याचा वर्ण, यांमुळे विजेतेपदाची वाट त्याला बंद झालेली असते.

३/ ही केवळ कविकल्पना नव्हती. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता १९०८ साली झाला आणि १९१५ साली पराभूत झाला. त्यानंतर थेट १९३७ पर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला या किताबासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. पॅन्सी जोन्सचा जन्म याच काळोख्या पर्वातला.

४/ पुढे आरकेओ स्टुडिओने काव्याचे हक्क घेतले. पटकथा लिहिली आर्ट कोन यांनी. ते पूर्वाश्रमीचे क्रीडापत्रकार. दिग्दर्शक होते ‘सिटिझन केन’चे संकलन करणारे रॉबर्ट वाइज. या प्रवासात पॅन्सी जोन्सचा ‘स्टोकर थॉम्पसन’ झाला. ती भूमिका रॉबर्ट रायन यांना मिळाली.

५/ चित्रपटाचे कथानक साधे आहे. स्टोकर ३५ वर्षांचा, सतत हरणारा. त्याचा व्यवस्थापक एका गुंडाकडून ५० डॉलर घेतो आणि स्टोकरने हरायचे असे ठरवून टाकतो. परंतु ही गोष्ट तो स्टोकरला सांगतच नाही! हा नाहीतरी हरणारच, मग त्याला वाटा कशाला द्यायचा, असा त्याचा हिशेब. लढत सुरू असतानाच स्टोकरला सत्य कळते आणि तो हरण्यास नकार देतो.

६/ चित्रपटाची लांबी ७२ मिनिटे; कथेचा कालावधीही तेवढाच. पहिल्या दृश्यात रस्त्यावरचे घड्याळ रात्रीचे ९ वाजून ५ मिनिटे दाखवते आणि सव्वादहाच्या सुमारास सारे संपते. मधला एकही क्षण गाळलेला नाही. प्रेक्षक स्टोकरबरोबरच आपल्या पाळीची वाट पाहत ड्रेसिंग रूममध्ये बसतो.

७/ गुन्हेगारी, रात्र, गडद छाया आणि कोंडीत सापडलेला माणूस, अशा १९४० च्या दशकातील अमेरिकी चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, असे नाव दिले. ‘द सेट-अप’ हा त्या परंपरेचा अस्सल नमुना. लढतीला पार्श्वसंगीताची साथ नाही. ऐकू येतात ते ठोसे, घंटा आणि गर्दीचा गदारोळ.

८/ त्या गर्दीकडे नीट पाहावे. एक जण अखंड खातो आहे. एक जण लढत पाहता पाहता कानाशी रेडिओ धरून बेसबॉलचे समालोचन ऐकतो आहे. एका अंध प्रेक्षकाला शेजारी बसलेला माणूस प्रत्येक ठोसा सांगतो आहे. कॅमेरा रिंगणाइतकाच या रक्तपिपासू चेहऱ्यांवर स्थिरावतो.

९/ रायन महाविद्यालयीन जीवनात डार्टमथचे हेवीवेट विजेते होते. लढतीची आखणी माजी मुष्टियोद्धा जॉन इंद्रिसानो यांनी केली आणि चित्रीकरणासाठी तीन कॅमेरे वापरले गेले. त्यामुळे लढत नाटकी वाटत नाही.

१०/ विषयही तितकाच खरा होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा हा बिली फॉक्सकडून हरला. आपण जाणूनबुजून हरलो, अशी कबुली त्याने १९६० साली सिनेटच्या समितीपुढे दिली. खेळातील हा भ्रष्टाचार चित्रपटाने निर्भीडपणे दाखवला. वर्णभेद मात्र वगळला.

११/ कृष्णवर्णीय नायकाच्या नावावर तिकिटे खपणार नाहीत, हे तत्कालीन स्टुडिओंचे गृहीतक. मार्च यांना हा बदल रुचला नाही. वर्णभेद हाच कथेचा मूळ प्रश्न असून तोच टाळला गेला, असा त्यांचा आक्षेप होता.

१२/ कृष्णवर्णीय अभिनेते जेम्स एडवर्ड्स या चित्रपटात आहेत. ड्रेसिंग रूममधील ल्यूथर हॉकिन्सच्या छोट्या भूमिकेत! त्याच वर्षी ‘होम ऑफ द ब्रेव्ह’मध्ये त्यांनी वर्णद्वेषाने खचलेल्या सैनिकाची मध्यवर्ती भूमिका केली. समर्थ अभिनेता त्याच खोलीत बसलेला होता. नायकपण दुसऱ्याला मिळाले.

१३/ आता २००४ सालाकडे वळू. आरकेओचा चित्रपटसंग्रह टर्नर कंपनीमार्गे वॉर्नरकडे आला होता. जुलैमध्ये वॉर्नरने पाच न्वार चित्रपटांचा डीव्हीडी संच काढला. ‘द सेट-अप’ त्यांपैकी एक. त्यावर वाइज आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांचे समालोचन आहे. लामोटाच्या जीवनावर ‘रेजिंग बुल’ (१९८०) काढणारे तेच हे स्कॉर्सेसी.

१४/ वाइज तेव्हा ८९ वर्षांचे होते. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. रायन १९७३ मध्ये, तर एडवर्ड्स त्याआधीच, १९७० मध्ये निवर्तले होते. डीव्हीडी आणखी थोडी लांबली असती, तर दिग्दर्शकाची ही साक्ष नोंदवलीच गेली नसती. पुढे चित्रपटाची ब्लू-रे आवृत्तीही निघाली.

१५/ चित्रपट श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु घरबसल्या तो पाहताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. स्टोकरला न विचारता त्याची हार विकली गेली, ही पडद्यावरची कथा. पॅन्सी जोन्सला त्याच्याच कथेतून बाहेर काढले गेले, ही पडद्यामागची. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही एकत्र वाचाव्यात. (समाप्त)