पांढरी कपबशी सगळ्यांची कशी झाली?



आमच्या गटाला जेवणाच्या ऑर्डरी मिळू लागल्या, तेव्हा बैठकीत ताटांचा विषय निघाला. स्टीलची ताटं होती, पण दहा घरांतून गोळा केलेली. कुणाचं खोलगट, कुणाचं पसरट, प्रत्येकावर वेगळं नाव कोरलेलं. सगळ्यांचं ठरलं, साधी पांढरी ताटं आणि कपबशा घ्यायच्या. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "घ्या की. पण कप सगळ्यांना सारखेच ना?" बैठक गप्प झाली. त्या असं का विचारत होत्या, ते प्रत्येकीला कळलं होतं. म्हणून आज या पांढऱ्या भांड्याची गोष्ट सांगतो.

चिनी मातीचं मूळ तिच्या नावातच आहे. चीनमध्ये जिंगदेझेन गावाजवळ गाओलिंग नावाची जागा आहे. तिथल्या पांढऱ्या मातीला त्या जागेवरूनच 'केओलिन' म्हणतात. ही माती दगडाच्या भुकटीत मिसळून सुमारे १३०० अंशांवर भाजली, की भांडं पांढरं, टणक आणि टिचकी मारल्यावर घंटीसारखं वाजणारं होतं. युरोपात ते राजेरजवाड्यांनाच परवडे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्यॉटगर नावाच्या तरुणाला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण चिनी मातीचं गुपित हाती लागलं आणि १७१० साली माइसेनचा कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराच्या मुलानं स्वस्त, दुधाळ रंगाची भांडी काढली. राणीनं ती घेतली, म्हणून त्यांना राणीचं नाव मिळालं आणि मग मध्यम घरांतही ती पोहोचली.

आपल्याकडे मात्र नुसत्या किमतीचा प्रश्न नव्हता. धातूचं भांडं घासून, तापवून शुद्ध होतं, पण मातीचं विटाळलं की टाकून द्यायचं, अशी जुनी समजूत. त्यात हे परक्यांचं भांडं आणि परक्यांचा चहा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथं त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं वर्तमानपत्रात पोहोचवली आणि गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग घ्यावा लागला. एका घोट चहावरून एवढं!

ती मोठी माणसं होती, प्रायश्चित्त घेऊन मोकळी झाली. आपल्या गावातल्या ज्या माणसांना जन्मभर वेगळं ठेवलं, त्यांना कुठलं प्रायश्चित्त? चहा गावोगाव पोहोचला तशी कपबशीही पोहोचली, पण हॉटेलात दलितांचे कप वेगळे, बाहेर ठेवलेले. पिऊन झालं की ज्याचे त्यानं धुवायचे. हे इतकं चालत होतं की अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात हॉटेल-खानावळीतली भांडी वापरायला मनाई करणं हा गुन्हा आहे, असं वेगळं लिहावं लागलं. मावशींना तो कायदा वाचून माहीत नव्हता. गोठ्याच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप त्यांच्या आईच्या वाट्याचा होता.

आता खरेदीचं सांगतो. बाजारात चिनी माती, बोन चायना आणि ओपल म्हणजे दुधी काच असे प्रकार मिळतात. बोन चायनात हाडांची राख असते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. दुधी काच हलकी असते आणि रोजच्या वापराला सोयीची पडते. मेलामाइन दिसायला तसंच, पण ते प्लास्टिक आहे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. नक्षी नसलेलं साधं पांढरं घ्या. फुटलं तर त्याला जोड मिळते, नक्षीच्या सेटमधलं एक फुटलं की सगळा सेट बिघडतो. हिरवी चटणी, लाल रस्सा, पिवळं वरण पांढऱ्यावर उठून दिसतं. भातावर मात्र वरण किंवा कोथिंबीर घाला, नाहीतर पांढऱ्यात पांढरा हरवतो.

आम्ही ताटं आणली, कपही आणले, सगळे एकसारखे. पहिला चहा त्या मावशींनी केला आणि आम्ही सगळ्यांनी घेतला. कुठला कप कुणाचा, हे धुताना कुणालाच सांगता आलं नाही.

मैत्रिणींनो, नवीन भांडी घ्यायच्या आधी एकदा आपल्या पडवीत, गोठ्यात, मागच्या कोनाड्यात बघून या. तिथं एखादा वेगळा ठेवलेला कप असेल, तर तो आधी काढा.