लठ्ठ उंदराचा जोडीदार

घरात कुणी जाड असलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: ‘तोंडावर ताबा नाही.’ हे वाक्य ऐकलं की मला अमेरिकेतल्या मेन राज्यातले उंदीर आठवतात.

१९४९ मध्ये तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्लं बेसुमार खाऊन फुगताना दिसली. मोठेपणी वजन साध्या उंदराच्या जवळपास तिप्पट. दोष एकाच जनुकात होता, त्याला ‘ओबी’ म्हणू लागले. १९६० च्या दशकात तिथेच दुसरा लठ्ठ वाण सापडला, ‘डीबी’. याला मधुमेहही होता.

डग्लस कोलमन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मग जे केलं ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याने दोन-दोन उंदीर शेजारी शिवले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. डीबीला साधा उंदीर जोडला, तर साध्याने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. ओबी जोडला, तर तोही तसाच मेला. डीबी मात्र फुगतच राहिला. आणि ओबीला साधा उंदीर जोडला, की ओबी कमी खाऊ लागला.

कोलमनचा तर्क सरळ होता. ‘पुरे’ सांगणारं काहीतरी रक्तातून फिरतं. ओबीला ते बनवता येत नाही, डीबीला ते ऐकू येत नाही. अनेकांना हे पटेना. लठ्ठपणा म्हणजे सवयीचा दोष, हेच तेव्हा रुजलेलं होतं.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमनच्या गटाने ओबी जनुक शोधलं. त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे लेप्टिन. गंमत अशी, की ते चरबीच्याच पेशी बनवतात. ज्यांना नुसतं गोदाम समजत होते, तेच मेंदूला निरोप धाडत होते! मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात लेप्टिन पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, आत जेएके-२ हे प्रथिन स्टॅट-३ ला जागं करतं, ते केंद्रकात शिरतं आणि भूक आवरणारी जनुकं चालू होतात. डीबीची ती ग्राहीच बिघडलेली होती.

अ‍ॅमजेन कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलर मोजले. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असतं, मेंदू त्याला पुरेसा दाद देत नाही. त्यांच्यासाठी ते जादूचं औषध ठरलं नाही.

काही मोजक्यांसाठी मात्र ठरलं. ब्रिटनमध्ये ९ वर्षांच्या एका मुलीचं वजन ९४ किलो होतं. जन्मापासून तिच्या शरीरात कामाचं लेप्टिनच नव्हतं. रोज इंजेक्शन सुरू झालं. वर्षभरात १६ किलो वजन उतरलं. तिची भूकच कमी झाली होती.