निरोप तपासायचा राहिला

हळवं भात कापून झालं, भारे बांधून उडवी रचली. पण आज १० ऑक्टोबर, म्हणून आजची नोंद पिकाची नाही, तलवाड्याची.

२३ मे १९४५ ला झरीच्या सभेत वारली लोकांनी ठरवलं, यापुढे वेठबिगार करायची नाही. गोदावरी परुळेकरांना लोक गोदाराणी म्हणायचे. त्यांच्या किसान सभेचा लाल बावटा पाड्यापाड्यावर पोचला, आणि जमीनदार हादरले. त्याच साली १० ऑक्टोबरला निरोप फिरला, बाई तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. निरोप खोटा होता, जमीनदारांनीच सोडलेला. तिकडे पोलिसांना सांगितलं की वारली हल्ल्यासाठी जमलेत. हजारो लोक बाईंची वाट बघत बसले, आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

त्या लोकांकडे खरं-खोटं विचारायला साधन नव्हतं. बाई कुठे आहेत हे कळायलाच माणूस पायी धाडावा लागायचा.

आता १६ एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन होतं. चोर, मुलं पळवणारे फिरतायत असे मेसेज व्हॉट्सॲपवर आपल्या भागात फिरत होते. डहाणू तालुक्यात गडचिंचलेला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं. मग त्याचे व्हिडिओ देशभर फिरले आणि धर्माच्या नावाने दुसरी अफवा उठली.

खरं सांगतो, त्या दिवसांत आमच्या पाड्यावरही रात्रीचा पहारा होता. मी काठी घेऊन उभा होतो. तसला एक मेसेज मीही तीन ग्रुपवर टाकला होता. पुतण्याने विचारलं, "काका, हे बघितलं कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या रस्त्याने कोणी परका आला नाही, एवढंच आमचं नशीब.

१९४५ ला विचारायची सोय नव्हती. आपल्या खिशात फोन होता, तरी आपण विचारलं नाही. व्हॉट्सॲपने २०१८ पासून मेसेज पुढे पाठवायला मर्यादा घातली, पण हात आपलाच आहे.

म्हणून मी नियम केलाय. भीतीचा मेसेज आला की आधी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन. त्याने स्वतः बघितलं नसेल, तर मेसेज माझ्यापाशीच थांबतो.

तलवाड्याच्या हुतात्म्यांना लाल सलाम.